पाकिटावर रोमन, आत मराठी : परदेशी जाणाऱ्यांना दिलेल्या सल्ल्यांचा एक इतिहास

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत आपण नियमाने शिकवतो. शैली, निसर्गचित्रण, परसंस्कृतीकडे पाहण्याची दृष्टी असे त्याचे ठरलेले निकष आहेत. मात्र प्रवासवर्णनाच्या मागे सतत असणाऱ्या एका साध्या व्यवहाराकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो व्यवहार म्हणजे परदेशी निघालेल्या माणसाला दिला जाणारा सल्ला. कपडे कोणते घ्यावेत, जेवणाचे काय करावे, पैसे कसे न्यावेत आणि घरी मजकूर कसा पाठवावा, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला दिली. यांतल्या शेवटच्या प्रश्नाचा, म्हणजे घरी मराठीत कसे लिहावे या प्रश्नाचा, मागोवा प्रस्तुत लेखात आम्ही घेणार आहोत. हा प्रश्न वरकरणी टपालाचा किंवा संगणकाचा वाटतो. आमच्या मते तो वाङ्मयेतिहासाचाही आहे, कारण परदेशस्थ मराठी माणसाचे कोणते लेखन पुढच्या अभ्यासकाच्या हाती येणार आणि कोणते नाहीसे होणार, हे या सल्ल्यांनी ठरवले आहे.

आरंभ रंगो बापूजी गुप्ते यांच्यापासून करणे योग्य होईल. सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी वकील म्हणून लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथेच राहिले. सुएझ कालवा खुला होण्यास (१८६९) अद्याप बराच अवकाश होता. परक्या शहरात इतका प्रदीर्घ काळ काढणाऱ्या या मराठी माणसाला मार्गदर्शन करील असे कोणी त्याच्या आधी तेथे गेलेले नव्हते म्हटले तरी चालेल. मात्र एका बाबतीत त्यांना अडचण नव्हती. त्या काळचा मराठी पत्रव्यवहार मोडीत चाले. बोरू, शाई आणि कागद एवढे साहित्य असले की लंडनमध्ये लिहिलेले मोडी साताऱ्यात लिहिलेल्या मोडीइतकेच वाचनीय असे. लिहिणारा कोणत्या देशात बसला आहे याचा लिपीवर काही परिणाम होत नव्हता. ही गोष्ट आज क्षुल्लक वाटेल, परंतु पुढील दीडशे वर्षांच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ती लक्षात ठेवण्याजोगी आहे.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १८८३ चा. या एकाच वर्षी, एकाच महिन्यात दोन मराठी स्त्रिया समुद्रापार निघाल्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून अमेरिकेकडे, तर पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मुलीसह मुंबईहून इंग्लंडकडे. त्या काळी परदेशगमनाविषयीचा पहिला आणि सर्वांत मोठ्या आवाजातला सल्ला 'जाऊ नका' हाच होता. समुद्रगमनाने धर्म बुडतो, परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागेल, जात वाळीत टाकील, असा तो सल्ला. त्यामुळे अन्न आणि वस्त्र यांसंबंधीची प्रत्येक व्यावहारिक सूचना ही धर्मासंबंधीचीही सूचना होती. आपण अमेरिकेला का जात आहोत हे आनंदीबाईंना निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे जाहीर सभेत सांगावे लागले. फिलाडेल्फियाच्या थंडीत अंग पुरते झाकले जावे म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. आज ही बाब कपड्यांच्या यादीतली एक ओळ ठरेल. त्या वेळी मात्र तो एक निर्णय होता आणि त्याचे समर्थन त्यांना करावे लागत होते.

आनंदीबाईंचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते, या तपशिलाला आमच्या दृष्टीने विशेष अर्थ आहे. अमेरिकेशी त्यांचा संबंध जुळला तोच एका छापील पत्रामुळे. गोपाळरावांचे पत्र एका मिशनरी नियतकालिकात प्रसिद्ध झाले, ते न्यू जर्सीमधील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना लिहिले. १८७६ साली भारत जागतिक टपाल संघात सामील झाला होता, त्यामुळे अमेरिकेशी नियमित पत्रव्यवहार ही सामान्य कारकुनाच्या आवाक्यातली गोष्ट झाली होती. पाकिटावरचा पत्ता रोमन लिपीत लिहायचा आणि आतला मजकूर मराठीत, ही परदेशस्थांच्या पत्राची रीत या काळात रूढ झाली. पत्ता वाटेतल्या टपाल कर्मचाऱ्यांसाठी असे, मजकूर घरच्या माणसासाठी. दोन वाचक, दोन लिप्या. या विभागणीत कोणाचेच नुकसान नव्हते.

अर्थात पत्राला जाण्यास आणि उत्तराला येण्यास इतके आठवडे लागत की मागितलेला सल्ला हाती येई तेव्हा प्रसंग केव्हाच उलटून गेलेला असे. म्हणून या पत्रांत सल्ल्यापेक्षा निर्णयाचे निवेदन अधिक आढळते. मी असे केले, त्याचे कारण हे, असा त्यांचा सूर आहे. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई इंग्लंडहून येऊन उपस्थित राहिल्या. वर्ष पुरे होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली त्यांचे चरित्र लिहिले, ते मुख्यत्वे या पत्रांच्या आधारे. कागद टिकला आणि लिपी वाचता येत होती, म्हणून चरित्र लिहिता आले. त्याच वर्षी रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. त्यांचे 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) मुळात पत्ररूपानेच अवतरले होते. मराठीतील परदेश-प्रवासवर्णनाचा आरंभीचा भाग हा असा टपालातून जन्माला आला आहे.

सल्ला हाच ज्याचा उघड हेतू आहे असे त्या काळातले एक लेखन मराठीतले नाही, तरी त्याची नोंद करायला हवी. लंडनहून कायद्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर मोहनदास गांधींनी १८९३-९४ च्या सुमारास, विलायतेस जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका इंग्रजीत लिहिली. तेथे कोणी जावे, तयारी काय करावी, कपड्यांना किती खर्च येतो, आठवड्याला एका पौंडात कसे भागवता येईल, याचा त्यांनी हिशेबच मांडला. ती आज त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात वाचायला मिळते. ज्या तरुणाला स्वतः निघताना जातीने वाळीत टाकले होते, त्याने पुढच्यांसाठी पैशापैशाचा तक्ता करून ठेवावा, यात 'जाऊ नका' पासून 'असे जा' पर्यंतचे अंतर दिसते. व्यवहाराचा सल्ला हा धर्माच्या भीतीला दिलेले उत्तरही असू शकतो.

विसाव्या शतकात सल्ल्याचे काम संस्थांकडे आले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलल्यावर डॉक्टर, अभियंते आणि संशोधक मोठ्या संख्येने तिकडे गेले. गावोगावची मंडळे उभी राहिली आणि १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ आकाराला आले. नव्याने आलेल्याला कोणत्या दुकानात तूरडाळ मिळते, गाडी चालवण्याचा परवाना कसा काढावा, हे मंडळात तोंडी समजे. घरच्या पत्रासाठी हाताशी फिकट निळा एअरोग्राम होता. कागद एकच, त्याचीच घडी घालून पाकीट करायचे, आत दुसरे काही घालायचे नाही, असा त्याचा नियम. त्यामुळे जागा संपली की मजकूर समासात शिरे आणि कडेने उभा चाले. पाकिटावर रोमन, आत मराठी ही जुनी विभागणी या एकाच कागदाच्या दोन बाजूंवर कायम राहिली. टोरंटोहून निघणाऱ्या 'एकता' सारख्या नियतकालिकाने परदेशातील मराठी लेखनाला छापील रूपही दिले. देवनागरी टंकलेखन यंत्र परदेशी घरात सहसा नसे, पण त्यावाचून अडतही नसे. हातात लिपी होती.

संगणक आला आणि प्रथमच हातातली लिपी पुरेनाशी झाली. अमेरिकेत १९६३ साली प्रमाणित झालेल्या आस्की या संकेतात १२८ स्थाने होती आणि ती सर्व इंग्रजीच्या गरजेनुसार वाटली गेली होती. विद्यापीठांतून आणि कंपन्यांतून ई-मेल वापरू लागलेल्या मराठी माणसासमोर १९९० च्या सुमारास एकच मार्ग होता, तो म्हणजे मराठी रोमन अक्षरांत लिहिणे. येथे काय गमावले हे भाषेच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. के, ए, एल ही तीन अक्षरे लागोपाठ आली तर वाचणाऱ्याने काल वाचावे, काळ वाचावे, कल वाचावे की कळ? व्ही, ई, एल म्हणजे वेल की वेळ? न आणि ण, त आणि ट, ल आणि ळ हे भेद रोमनमध्ये पुसले जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच उरत नाही. यावर उपाय म्हणून लिप्यंतराच्या पद्धती आल्या. त्यांतली अविनाश चोपडे यांची आयट्रान्स विशेष रुळली. लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट, लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण, असा तिचा साधा नियम होता. नवख्याला मिळणारा त्या काळचा संगणकीय सल्ला म्हणजे हा तक्ता पाठ करणे. त्याने शब्द निःसंदिग्ध झाला. परंतु असा मजकूर ज्याला वाचायचा आहे त्यालाही तक्ता येणे आवश्यक होते. आयुष्यभर देवनागरी वाचलेली आई या पत्रव्यवहारातून बाहेर पडली, किंवा कोणाकडून तरी मजकूर वाचून घेऊ लागली.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सर्वसामान्यांना उपलब्ध झाले आणि मराठी पडद्यावर दिसावी ही मागणी वाढली. तिला बाजाराने दिलेले उत्तर म्हणजे फाँट. शिवाजी, किरण, सुशा, श्री-लिपी, आकृती अशी नावे त्या पिढीला आजही आठवत असतील. त्यांची युक्ती थोडक्यात अशी. संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षराचा जो सांकेतिक क्रमांक आहे, त्यावर इंग्रजी आकृतीऐवजी देवनागरी आकृती बसवायची. पडद्यावर क दिसे, स्मृतीत मात्र कुठलेसे रोमन अक्षरच साठवलेले असे. जोडाक्षरे, अर्धी अक्षरे आणि मात्रा यांना २५६ स्थाने अपुरी पडत, म्हणून अक्षरांचे तुकडे करून ते जोडले जात. कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर ठेवायचा हे प्रत्येक निर्माता आपापले ठरवी. परिणामी एका फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की निव्वळ चिन्हांची खिचडी दिसे. 'फाँट आधी उतरवून घ्या, मग पत्र उघडा' हा या दशकातला परदेशस्थांना आणि त्यांच्या घरच्यांना मिळणारा सार्वत्रिक सल्ला होता.

एअरोग्रामशी तुलना केली तर येथे एक उलटापालट झालेली दिसते. पूर्वी वर रोमन आणि आत मराठी होते. आता वर मराठी आणि आत रोमन झाले. पत्र दिसायला देवनागरी, परंतु यंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतेच. त्यात शब्द शोधता येत नव्हता, अकारविल्हे लावता येत नव्हती आणि फाँट हरवला की भाषाच हरवत होती. सल्ला देणाऱ्यांनी पत्र आज कसे दिसेल याचा विचार केला. वीस वर्षांनी ते कोण वाचील, हा विचार त्यात नव्हता.

वास्तविक हा विचार अन्यत्र झालेला होता. भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली, तर इस्की हा संकेत १९८८ साली सिद्ध झाला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तो प्रमाणित केला. त्याच्या प्रसारात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा वाटा मोठा आहे. इस्कीत आकृतीला नव्हे, तर अक्षराला क्रमांक होता. जोडाक्षर कसे दिसावे हे यंत्राने ठरवावे, लिहिणाऱ्याने फक्त वर्ण सांगावेत, हे त्याचे तत्त्व आहे. म्हणजे आपल्या वर्णमालेचेच तत्त्व. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत (१९९१) देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. पण संकेत असणे आणि तो घराघरांतल्या संगणकाला कळणे यांत जवळजवळ दशकाचे अंतर पडले. विंडोज २००० मध्ये देवनागरी प्रथम आली ती मंगल या फाँटसह. मंगलची आखणी करणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार होते तसेच कवीही होते, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगितले पाहिजे. परदेशातल्या परक्या संगणकावर आपली लिपी दिसण्याची सोय एका मराठी कवीच्या हाताने झाली आहे.

तरीही काही वर्षे प्रवाशाची अडचण शिल्लक राहिली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये भारतीय भाषांची सोय आपण होऊन चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पर्यायात एका चौकटीत खूण करावी लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी मागितली जाई. स्वतःच्या घरी हे जमे. परदेशातल्या सायबर कॅफेत किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात मात्र अशी खूण करण्याचा अधिकार प्रवाशाला नसे. जेथे ही सोय नसे तेथे 'लिपी' या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराला सोडून पुढच्या अक्षराला चिकटल्यासारखी दिसे आणि जोडाक्षरे हलन्त होऊन सुटी पडत. यावर तोडगा म्हणून बरहा, गमभन यांसारखी साधने आली. त्यांत रोमन कळा दाबल्या की अक्षर देवनागरी उमटे. आयट्रान्सचा जुना तक्ता येथे पुन्हा उपयोगी पडला, मात्र आता तो लिहिणाऱ्यापुरताच राहिला. वाचणाऱ्याला सरळ मराठी दिसू लागले आणि तिकडची आई पत्रव्यवहारात परत येऊ शकली. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही खूण करण्याची गरज उरली नाही. पुढच्याच वर्षी, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, मराठीला लागणाऱ्या ॲ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले.

आज हातातल्या फोनमध्ये देवनागरी कळफलक असतो आणि बोललेले शब्दही यंत्र लिहून देते. तरीही हा प्रश्न संपला असे आम्हांस वाटत नाही. सोय असूनही अनेकजण सवयीने रोमनमध्येच मराठी लिहितात, हा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक गंभीर आहे. परदेशस्थ मराठी माणसे ज्या दहा-पंधरा वर्षांत सर्वाधिक लिहिती झाली, साधारण १९९५ ते २००८ या काळात, त्यांचे बरेचसे लेखन जुन्या फाँटमध्ये, बंद पडलेल्या ई-मेल खात्यांत आणि फ्लॉपी चकत्यांवर अडकले आहे. रंगो बापूजींच्या काळचे मोडी कागद आज मराठीचा सामान्य पदवीधर वाचू शकत नाही हे खरे. परंतु मोडी शिकता येते, आणि २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीलाही स्थान मिळाले आहे. १९९८ साली न्यू जर्सीतून धाडलेले मराठी पत्र मात्र त्याचा फाँट आणि त्याची चकती दोन्ही गेल्यावर कोणत्याही अभ्यासाने वाचता येणार नाही. काशीबाई कानिटकरांना आनंदीबाईंची पत्रे मिळाली. संगणकपिढीचे चरित्र लिहू पाहणाऱ्या उद्याच्या काशीबाईंना काय मिळेल?

म्हणून या इतिहासाच्या शेवटी काही व्यावहारिक सूचना करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही. घरात जुन्या मराठी फाइली असतील तर त्यांचे नाव बदलण्याआधी त्या कोणत्या फाँटमध्ये आहेत ते टिपून ठेवावे आणि तो फाँट त्यांच्याजवळच जतन करावा. बहुतेक प्रचलित फाँटमधून युनिकोडमध्ये मजकूर आणणारी परिवर्तके आज उपलब्ध आहेत. मात्र परिवर्तित मजकूर मराठी जाणणाऱ्या माणसाने मुद्रितशोधकाच्या नजरेने वाचलाच पाहिजे. रफार, 'दुसऱ्या' सारख्या शब्दातला ऱ्य आणि ऱ्हस्व वेलांटी या तीन जागी चुका हमखास राहतात. २००८ पूर्वी 'अ' वर चंद्र जोडून लिहिलेले अक्षर आणि नंतरचे स्वतंत्र ॲ दिसायला सारखे असले तरी यंत्राच्या लेखी ते वेगवेगळे आहेत, त्यामुळे शोध घेताना दोन्ही रूपांनी घ्यावा. रोमनमधील जुने मजकूर असतील तर त्यांचे देवनागरीकरण करताना मूळ रोमन प्रत नष्ट करू नये, कारण त्या काळी लोक कसे लिहीत याचा तोच पुरावा आहे. प्रत्येक मजकुरावर स्थळ आणि तारीख घालावी. महत्त्वाच्या पत्राची एक प्रत कागदावर काढून ठेवावी.

परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला कळफलक इन्स्क्रिप्ट वापरावा की रोमन, हे सांगण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. दोन्हींतून अखेर एकच युनिकोड मजकूर तयार होतो. मजकूर चित्राच्या किंवा जुन्या फाँटच्या रूपात साठवू नये, एवढेच पथ्य पुरेसे आहे. आणि अध्यापकांसाठी एक विनंती. पदव्युत्तर वर्गातील प्रकल्पासाठी विषय शोधताना आपल्याच गावातील ज्या कुटुंबांतली माणसे त्या वर्षांत परदेशी गेली, त्यांच्याकडचा पत्रव्यवहार त्यांच्या अनुमतीने गोळा करून युनिकोडमध्ये आणण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे. दोन-तीन वर्षांत अशा पाच-पन्नास पत्रसंग्रहांचे काम एका विभागाकडून सहज होईल. चकत्या दरवर्षी निकामी होत आहेत आणि ते फाँट ज्यांच्या लक्षात आहेत ती माणसेही वयस्क होत चालली आहेत. हे काम याच वर्षी सुरू व्हावे.